घुबडाचा चष्मा

खराडीत तेव्हा काचेचे मनोरे उभे राहिले नव्हते. वसतिगृहामागे शेते होती आणि पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबडाची एक जोडी राहत असे. ‘ते अपशकुनी हाकला’ असे शेजारी म्हणत. मी मुलांना रात्री टाकीजवळ बसवून सांगत असे, की उंदीर खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे. अंधश्रद्धेविरुद्ध बोलण्याचा मला अभिमान होता. त्याच वर्षी नववीत दाखल झालेला ऊसतोड कामगाराचा एक मुलगा वाचताना अडखळला, तेव्हा भर वर्गात त्याला ‘घुबड’ म्हणणारा मीच होतो. वर्ग हसला. तो हसला नाही.

सर्वांबरोबर त्यालाही मी अख्खा धडा वाचायला देई. याचे वय निघून गेले, असा शेरा मनात मारून ठेवला होता. इतिहास शिकवणाऱ्या मला हे वाक्य आपल्या किती पिढ्यांनी ऐकले, हे ठाऊक असायला हवे होते.

घुबडांविषयीचे खरे वाचन बऱ्याच वर्षांनी झाले. २०१८ साली पुरंदर तालुक्यातील पिंगोरीत इला फाउंडेशनने घुबडांचा उत्सव भरवला, त्या निमित्ताने. या पक्ष्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, मान वळवावी लागते. कानांची छिद्रे एक वर, एक खाली. आवाज कोणत्या कानाला किंचित आधी पोहोचला यावरून डावे-उजवे, तीव्रतेच्या फरकावरून वर-खाली. असा आवाजाचा नकाशाच मेंदूत असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एरिक नुडसेन यांनी पिलांना लोलकाचे चष्मे घातले. जग २३ अंशांनी बाजूला दिसू लागले. काही आठवड्यांत मेंदूने आवाजाचा नकाशाही तिकडे सरकवला. डोळा चुकत होता, तरी कानाने त्याचेच ऐकले! चष्मा काढल्यावर नकाशा पूर्ववत झाला, कारण जुना पुसला गेला नव्हता. नवा त्याच्या शेजारी घडला होता.

प्रौढ घुबडांत मात्र फारसा बदल झाला नाही. येथवर वाचून मला माझा शेरा खराच वाटला असता. पण २००२ मध्ये नुडसेन आणि लिंकनहोकर यांनी प्रौढांना आधी ६ अंशांचा, मग ११, १७ आणि शेवटी २३ अंशांचा चष्मा दिला, आणि नकाशा बराच सरकला. २००५ च्या प्रयोगात मेलेले उंदीर आयते मिळालेल्या घुबडांपेक्षा जिवंत उंदरांची स्वतः शिकार करणारी प्रौढ घुबडे कितीतरी अधिक शिकली.

मला आमच्या तेव्हाच्या अधीक्षिकाबाई आठवल्या. त्या त्या मुलाकडून रोज रात्री चारच ओळी वाचून घेत. पाठ्यपुस्तकातल्या नव्हे. त्याला मुकादमाच्या वहीतला बापाच्या उचलीचा हिशेब वाचायचा होता. बाई तसाच हिशेब कागदावर लिहून देत.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तो परतला, तेव्हा वहीतील आकडे उतरवून आणले होते. बेरीज त्याने मला तपासायला दिली. मुकादमाची चुकली होती, त्याची बरोबर होती. मी ‘शाबास’ म्हणालो. त्या शब्दाबद्दल माफी मात्र मागितली नाही. ती येथे मागतो आहे. तो ही स्मरणिका वाचत असेल.