पंगत की खानावळ?

आपल्या गावात लग्नाचे जेवण असले म्हणजे पाहुण्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : पहिल्या पंगतीला बसावे की दुसऱ्या? पहिल्या पंगतीस भात गरम मिळतो, परंतु पाठीमागे ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींकडे पाहून घास घाईने गिळावा लागतो. दुसऱ्या पंगतीस निवांतपणा असतो, परंतु तोवर पोटात कावळे ओरडू लागतात. हाच प्रश्न आता समुद्रावरून आपल्या घरांत येऊन पोहोचला आहे. सहलीच्या ज्या प्रचंड आगबोटींना हल्ली सर्वजण क्रूझ म्हणतात, त्यांचे तिकीट काढताना बहुतेक मोठ्या कंपन्या विचारतात : रात्रीचे जेवण लवकरच्या पंगतीस, उशिराच्या पंगतीस, की तुम्हांस वाटेल तेव्हा?

क्रूझ ही श्रीमंतांची गोष्ट, तिचा आपल्याशी काय संबंध, असे काही वाचक म्हणतील. परंतु मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या सहली सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या, तेव्हापासून आपल्याकडील मध्यम स्थितीतील कुटुंबेही त्या वाटेस लागली आहेत. दुसरे असे, की या बोटींवर जे ताटे मांडतात, वाढतात आणि उचलतात, त्यांत आपली मुले आहेत. म्हणून या प्रश्नाकडे पाहावयाचे, तर ते आपण दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. ताटापुढे बसणाऱ्याच्या बाजूने आणि ताट आणणाऱ्याच्याही.

बेळगावास समुद्र नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेल्यावाचून त्याचे दर्शन होत नाही. तथापि आमच्या कॅम्पातील ख्रिस्ती घरांत समुद्राची वार्ता नेहमीच येत असते. यांपैकी कित्येक घराण्यांची मुळे गोव्यात आहेत, आणि गोव्याचा तारवटी म्हणजे जगभरच्या बंदरांस ठाऊक असलेला मनुष्य. इंग्रजांच्या अमदानीत पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोव्याची माणसे मोठ्या संख्येने असत. बोट मिळेपर्यंत ती मुंबईस धोबीतलाव, माझगाव या भागांतील आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहत, आणि संध्याकाळच्या रोझरीस सर्वांनी एकत्र येण्याची तेथे शिस्त असे. आजही कॅम्पात ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले, तर ‘बोटीवर आहे’ हे उत्तर कोणास नवे वाटत नाही.

कॅम्प म्हणजे छावणी. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे ही छावणी वसली. छावणीचा पहिला धर्म म्हणजे वेळ. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र याच शहरात आहे, आणि जवानांच्या स्वयंपाकघरास लष्करात जो ‘लंगर’ म्हणतात, त्याची वेळ कोणासाठी मागेपुढे होत नाही. १८५६ साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्स हायस्कुलाची घंटा आहे; फातिमा मातेच्या कॅथेड्रलची घंटा आहे. परंतु त्याच कॅम्पातून बाजाराकडे चार पावले टाकली, की हॉटेले लागतात. तेथे जाणाऱ्यास कोणी ‘वेळ झाली का?’ असे विचारीत नाही. ज्याला भूक लागेल त्याने यावे, रिकामी खुर्ची पाहून बसावे, पैसे द्यावे आणि जावे. एका बाजूस लंगर, दुसऱ्या बाजूस खानावळ. कॅम्पातील मनुष्य या दोन्ही रीतींत वाढतो, म्हणून बोटीवरचा प्रश्न त्याला लवकर उमगतो.

आता बोटीवरची व्यवस्था कशी असते ते पाहू. मुख्य भोजनगृहात सर्व उतारू एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साधारणपणे सायंकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-सव्वाआठच्या सुमारास. प्रत्येक कुटुंबास टेबल नेमून दिलेले असते, आणि सहल संपेपर्यंत तेच टेबल, तोच वेटर व तोच त्याचा साहाय्यक. ‘मोकळी वेळ’ घेणाऱ्यांसाठी भोजनगृहाचा निराळा भाग संध्याकाळपासून साडेनऊच्या सुमारापर्यंत उघडा असतो. तेथे जे टेबल मोकळे असेल ते मिळते. मंडळी पुष्कळ असतील तर थांबावे लागते, किंवा आगाऊ नोंद करावी लागते. सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण बहुधा सर्वांसच मोकळे असते, आणि आपल्या हाताने वाढून घेण्याचे बुफे भोजनगृह निराळे असतेच. म्हणजे प्रश्न आहे तो केवळ रात्रीच्या जेवणाचा.

ठरीव वेळ ही जुनी रीत. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक बोटीवर जेवणाची वर्दी बिगूल वाजवून देत असत. कॅम्पातील मनुष्यास ती रीत अगदी घरची वाटली असती. परंतु त्याच्याही आधी, १९०५ साली, हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ नावाच्या बोटीवर एक निराळे उपाहारगृह निघाले. तेथे श्रीमंत उतारूंनी वेगळे पैसे द्यावे आणि हवे तेव्हा, हवे ते मागवावे. म्हणजे मोकळी वेळ ही प्रथम पैसेवाल्यांची चैन होती. पुढे २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने ठरीव पंगतीची रीतच मोडली आणि ‘येईल त्याने यावे’ असा खाक्या सुरू केला. त्यानंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही दोन्ही सोयी देऊ केल्या.

त्याहून जुना दाखला हवा असेल तर तो संत बेनेडिक्टचा. सहाव्या शतकात त्याने आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचे एक्केचाळिसावे प्रकरण सबंध जेवणाच्या वेळांविषयी आहे. वेळ ठरलेली, परंतु शेतात काम असेल किंवा उन्हाळा कडक असेल, तर मठाधिपतीने ती सोयीने बदलावी अशी मुभा त्यात आहे. आणि पुन्हा पुन्हा ताकीद देऊनही जो वेळेवर येत नाही त्यास शिक्षा कोणती? त्याने एकट्याने जेवावे. वाचकहो, त्या काळी जी शिक्षा होती तिच्यासाठी पुढे माणसे जादा पैसे देऊ लागली! यात हसण्यासारखे आहे तसे विचार करण्यासारखेही आहे.

कॅम्पातील एका घरी अलीकडेच हा प्रश्न उभा राहिला. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होणार. एक मुलगा बोटीवर वेटर, दुसरा पुण्यास, मुलगी निपाणीस दिलेली. नातवंडे धरून अकरा माणसे. मुलांनी मिळून सिंगापूरहून निघणारी सात दिवसांची सहल ठरविली, आणि जेवणाच्या वेळेवर घोडे अडले. तरुण मंडळी म्हणाली, ‘मोकळी वेळ घेऊ, तेथे जाऊन पुन्हा घड्याळाची गुलामगिरी कशाला?’ सुनेला लहानग्यांची काळजी. त्यांना आठपर्यंत उपाशी कसे ठेवावयाचे? वडिलांस मधुमेह, गोळी आणि जेवण यांची सांगड चुकली की त्यांस घाम फुटतो. आई काही बोलेना. फार आग्रह केल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘बारा वर्षांत आपण सगळे एका टेबलाशी बसलेलो नाही.’

मग आम्हांस विचारण्यात आले. आम्ही म्हटले, बोटीवर जो वाढतो त्यालाच विचारा. त्याने फोनवर जे सांगितले ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटले. ‘बाबा, दोघेच असते तर मोकळी वेळ घ्या म्हटले असते. अकरा जणांना एकत्र जागा आयत्या वेळी सहसा मिळत नाही. चार इकडे, सात तिकडे असे बसावे लागेल. पहिली पंगत नको. ती आपल्या चहाच्या वेळेला. शिवाय बंदरात फिरून आलात तर धावत कपडे बदलावे लागतील. दुसरी पंगत घ्या. मुलांना सहा वाजता बुफेमध्ये काहीतरी भरवा. आणि बाबांच्या साखरेविषयी पहिल्याच रात्री वेटरला सांगा, म्हणजे रोज सांगावे लागणार नाही. एखाद्या दिवशी कुणाला यायचे नसेल तर त्याने येऊ नये, पण तसे कळवावे.’

शेवटी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हा लेख लिहावयास आम्ही बसलो तो तिच्यामुळे. ‘आणि बाबा, वेळेवर जा. पहिली पंगत पंधरा मिनिटे रेंगाळली, की दुसऱ्या पंगतीची टेबले आम्ही धावत मांडतो. दुसरी रेंगाळली, की आमची झोप जाते. सकाळच्या न्याहारीला पुन्हा आम्हीच असतो.’

बोटीवरच्या माणसाच्या विश्रांतीसही आता कायद्याचा आधार आहे. २००६ साली झालेला सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही त्यास मान्यता दिली. विश्रांतीचे तास मोजण्याच्या त्यातील नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. रोजच्या विश्रांतीचे दोनांहून अधिक तुकडे होता कामा नयेत, आणि त्यांतील एक तुकडा निदान सहा तासांचा हवा. म्हणजे रात्री अकरास ज्याचे हात मोकळे झाले, त्याचा सहा तासांचा तुकडा पहाटे पाचास संपतो. त्यातील अर्धा तास जर आपण रिकाम्या ताटापुढे गप्पा मारीत खाल्ला, तर तो कोणाच्या झोपेतून खाल्ला हे आपल्या ध्यानात राहिले पाहिजे. मोकळी वेळ घेणाऱ्यांसही हे लागू आहे. दार बंद होण्यास पाच मिनिटे असताना आत शिरणाऱ्या पाहुण्यास नाही म्हणता येत नाही, एवढेच.

तर मग निवड कशी करावी? ज्यांना औषधाची वेळ सांभाळावी लागते, ज्यांच्याबरोबर मोठा परिवार आहे, किंवा ज्यांना रोज तोच ओळखीचा वेटर हवासा वाटतो, त्यांनी ठरीव वेळ घ्यावी. दोघेच जण असतील, तान्हे मूल असेल, किंवा रोज उशिरापर्यंत बंदरात हिंडावयाचे असेल, तर मोकळी वेळ सोयीची. सोईची पंगत लवकर भरून जाते, म्हणून तिकीट काढतानाच नोंद करावी. वेळ बदलून हवी असल्यास बोटीवर चढल्याच्या पहिल्याच दिवशी भोजनगृहाच्या प्रमुखास भेटावे. प्रवासात बोटीची घड्याळे कधी तासाने पुढे, कधी मागे केली जातात. त्याची सूचना ऐकावी, नाहीतर पंगत हुकते.

कॅम्पातील ती अकरा माणसे जाऊन आली. दुसरी पंगत, एक लांब टेबल. नातवंडांपैकी धाकटा रोज भाताच्या आधीच झोपी जाई, आणि एका रात्री तरुण मंडळी बुफेकडे पळाली. वाढणारा मुलगा परक्या देशाचा होता. तिसऱ्या रात्री त्याने न सांगता वडिलांपुढे गोडाऐवजी फळे आणून ठेवली. आईने त्याला विचारले, ‘बाळा, तू केव्हा जेवतोस?’ भाषा त्याला कळली नाही, सुनेने ती इंग्रजीत सांगितली. तो म्हणाला, ‘तुम्ही उठल्यावर.’ त्या रात्रीपासून ती माउली शेवटचा घास झाला की सर्वांना उठवू लागली.

घरी असो वा बोटीवर, जेवणाची वेळ ठरविणे म्हणजे कोणीतरी कोणासाठी थांबणे. आपण कोणासाठी थांबतो आणि आपल्यासाठी कोण थांबले आहे, एवढे ओळखून जो अर्जावर खूण करील, त्याची निवड सहसा चुकणार नाही.