छत्तीसातली बारा

मंडळी, दरवर्षी माझा एक शनिवार असाच जातो. कॉन्फरन्सचं वेळापत्रक जाहीर होतं, मी त्याचा प्रिंट काढतो (हो, अजूनही कागदावर. हसू नका), दोन हायलायटर घेतो आणि डायनिंग टेबलवर पसारा मांडून बसतो. बायको म्हणते, "लग्नाचा हॉल ठरवताना तू एवढा विचार केला नव्हतास." खरंय. तेव्हा तीनच हॉल होते आणि त्यातले दोन आधीच बुक झालेले.

इथलं गणित जरा अवघड आहे. दोन दिवस, रोज सहा स्लॉट, आणि प्रत्येक स्लॉटला तीन हॉलमध्ये एकाच वेळी तीन सेशन्स. म्हणजे एकूण छत्तीस, त्यातली तुम्हाला मिळणार बारा. तीनाचा बारावा घात काढा: ५,३१,४४१. एवढ्या वेगवेगळ्या प्रकारे ही एकच कॉन्फरन्स अटेंड करता येते. जेवणाच्या रांगेत उभं राहून बुडवलेली सेशन्स यात धरलेली नाहीत.

नवीन होतो तेव्हा मी नावं बघून निवडायचो. ज्याची लायब्ररी आपण वापरतो, तो माणूस समोर बोलतोय म्हटल्यावर दुसरा विचारच नाही. भक्तिभावाने पहिल्या रांगेत जाऊन बसायचं. दोन-तीन वर्षांनी लक्षात आलं की उत्तम लायब्ररी लिहिणारा माणूस उत्तम बोलेलच असं काही नाही. शिवाय तो जे बोलतो ते त्याने आधी चार ठिकाणी बोललेलं असतं आणि त्याचे व्हिडिओही असतात.

मग दुसरा टप्पा आला, उपयोगाचा. सध्याच्या प्रोजेक्टमध्ये जे लागतंय तेवढंच ऐकायचं. हा शहाणपणा दिसायला बरा दिसतो, पण त्यातही गोची आहे. आपल्याला काय लागणार आहे ते आपल्याला आधी कुठे माहीत असतं? नोव्हेंबर २००९मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये रायन डालने नोडजेएस दाखवलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट! त्या वेळी माझ्यासारख्या 'उपयोगी' माणसाने ते सेशन सोडून शेजारचं काहीतरी कामाचं ऐकलं असतं. मे २०१३मध्ये अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये रिअ‍ॅक्ट जाहीर झालं, तेव्हा जावास्क्रिप्टमध्येच एचटीएमएलसारखं काहीतरी लिहायचं ही कल्पना बऱ्याच जणांना साफ चुकीची वाटली होती. आणि २०१४मध्ये फिलिप रॉबर्ट्सने 'हा इव्हेंट लूप म्हणजे नक्की काय भानगड आहे?' अशा अर्थाच्या शीर्षकाचं भाषण दिलं. एवढा प्राथमिक विषय कोण ऐकणार, असं मी नक्कीच म्हटलं असतं. पुढे लाखो लोकांनी ते पाहिलं, मीसुद्धा. आणि तोवर सात वर्षं रोज वापरत असलेली गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली.

असो. हे सगळं मागे वळून बघताना सुचतं. मला खरी अद्दल घडली ती २०१९मध्ये.

त्या वर्षी कंपनीने टीममधल्या दोघांना बंगळुरूच्या एका कॉन्फरन्सला पाठवलं. एक मी. दुसरी आमची ज्युनियर, लातूरची, तेव्हा तिला नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तिचं तर तिथे सेशनच होतं, आयुष्यातलं पहिलं. विषय होता अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे ज्यांना दिसत नाही किंवा माऊस वापरता येत नाही अशांना आपली वेबसाइट वापरता येते का. मला मॅनेजरने वेगळं काम दिलेलं. आमचं सॉफ्टवेअर नोकरीचे अर्ज ऑनलाइन भरून घेणारं. फोनवर पान उघडायला फार वेळ लागतो अशी क्लायंटची बोंब होती. "पर्फॉर्मन्सवर जे काही असेल ते ऐकून ये आणि सोमवारी टीमला सांग," अशी ऑर्डर.

उद्यान एक्सप्रेसने निघालो. सोलापूर येईपर्यंत माझा कागद पिवळा-हिरवा करून झाला होता. पेच एकच उरला. पहिल्या दिवशी जेवणानंतर मोठ्या हॉलमध्ये पर्फॉर्मन्सवर एका नामांकित माणसाचं सेशन, आणि त्याच वेळी तिसऱ्या हॉलमध्ये हिचं.

मी कागद पुढे केला. म्हटलं, "काय करू गं?"

ती पटकन म्हणाली, "तुम्ही मोठ्या हॉललाच जा दादा. माझं काही विशेष नाहीये. आणि तुम्ही समोर बसलात तर मी अडखळेन."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिनेच सांगितलं म्हटल्यावर मन खायचा प्रश्न नव्हता.

मोठा हॉल तुडुंब. मी मधल्या रांगेत खुर्ची पटकावली. पाहुणे आले, छान बोलायला लागले, आणि पाचव्या स्लाइडला मला जाणवलं की हे मी पाहिलंय. सहाव्या स्लाइडला पुढचा विनोद कोणता येणार तेही आठवलं. तो आलाच. लोक हसले, मीही हसलो.

ओपन स्पेस नावाची बैठकांची एक पद्धत आहे, हॅरिसन ओवेनने १९८०च्या दशकात रूढ केलेली. तिच्यात दोन पायांचा नियम आहे. जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जा. हा नियम मी लोकांना बऱ्याचदा ऐकवला होता, स्वतः कधी पाळला नव्हता. मधल्या रांगेतून बारा जणांच्या गुडघ्यांना धडकत, "सॉरी, सॉरी" करत बाहेर पडलो.

तिसऱ्या हॉलमध्ये मोजून चौदा माणसं. मी मागच्या खांबाआड बसलो. तिने प्रोजेक्टर बंद केला होता. काळ्या पडद्यासमोर ती उभी होती, आणि एनव्हीडीए (हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर) एक पान वाचत होता. "बटन. बटन. एडिट. एडिट. बटन." बस. कसलं बटन, कुठला एडिट, काही पत्ता नाही.

मग ती एकेक उलगडून सांगायला लागली. रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की ती दिसेनाशी होते. चिन्ह असलेल्या बटनाला नाव दिलं नाही तर ते वाचताना नुसतं 'बटन' होतं. मजकूर मराठीत आणि पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असेल तर मराठी शब्दांचं कडबोळं ऐकू येतं. आणि नुसत्या डिव्हला रंग देऊन, क्लिक जोडून आपण जे 'बटन' बनवतो, ते माऊसवाल्याला बटन दिसतं. टॅब दाबत जाणाऱ्याला मात्र ते लागतच नाही. कीबोर्ड त्याच्यावरून उडी मारून पुढे जातो.

"याचं एक खरं उदाहरण सांगते," ती म्हणाली. "नोकरीचा अर्ज. एका उमेदवाराने पूर्ण फॉर्म भरला, एकोणीस रकाने, स्क्रीन रीडर वापरून. मग तक्रार केली की सबमिटचं बटन सापडत नाही. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्याला उत्तर गेलं: बटन खाली उजवीकडे आहे, निळ्या रंगाचं. आणि तिकीट बंद."

चौदाच्या चौदा जण हसले. मी पंधरावा. मला हसू आलं नाही, कारण ते उत्तर माझं होतं.

तिने कंपनीचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. पण मला तो दिवस आठवत होता. शुक्रवार संध्याकाळ, उघडी असलेली तेवीस तिकिटं, आणि 'कॅनॉट रिप्रोड्यूस' असा शेरा मारून एकेक उडवणारा मी. माझ्या लॅपटॉपवर बटन व्यवस्थित दिसत होतं ना! तो माणूस बघू शकत नाही हे तक्रारीत लिहिलेलं होतं का? दुसऱ्या ओळीत होतं. मी पहिलीच वाचली होती.

सेशन संपल्यावर बाहेर कॉफी घेताना मी तिला म्हटलं, "ते तिकीट मी बंद केलं होतं."

"माहितीये दादा," ती कपाकडे बघत म्हणाली. "म्हणूनच म्हटलं होतं, नका येऊ."

काय बोलणार? थोडा वेळ दोघंही गप्प. मग मी विचारलं, "त्याचा अर्ज गेला का शेवटी?"

"नाही."

सोमवारी आम्ही ते तिकीट पुन्हा उघडलं. डिव्ह काढून खरं बटन घालायला आणि तपासायला तिला वीस मिनिटं लागली. त्या उमेदवाराला मी स्वतः मेल लिहिली, माफी मागितली. उत्तर आलं नाही, आणि येण्याची अपेक्षा करणं बरोबरही नव्हतं. टीमला सेशन दिलं ते तिने, पर्फॉर्मन्सच्या ऐवजी. मॅनेजर पहिल्यांदा जरा कुरकुरला, मग तिने त्याच्याही लॅपटॉपची स्क्रीन बंद केली आणि म्हणाली, "भरा अर्ज." तो तिसऱ्या रकान्यात अडकला.

तर आता माझी निवडायची पद्धत. ग्रेट काही नाही. ज्याचं भाषण आधीच व्हिडिओवर आहे त्याला हायलायटर नाही. रोज दोन सेशन्स प्रोजेक्टला लागणारी, एक अजिबात न लागणारी, आणि एक कुणाचं तरी पहिलं. उरलेल्या दोन स्लॉटला कॉफीपाशी उभं राहायचं, कारण सगळ्यात खरी माहिती तिथेच मिळते. दाराजवळची खुर्ची धरायची, म्हणजे उठताना गुडघे आडवे येत नाहीत. आणि जे सेशन बघून 'हा काही आपला प्रॉब्लेम नाही' असं पटकन वाटतं, त्याचं वर्णन पुन्हा एकदा वाचायचं. दुसऱ्या ओळीसकट.

या वर्षीचा कागद समोर आहे. मोठ्या हॉलमध्ये, शेवटच्या दिवशी, अ‍ॅक्सेसिबिलिटीवर एक सेशन आहे आणि वक्त्याचं नाव ओळखीचं आहे, लातूरचं. काल तिला फोन करून विचारलं, "येऊ का गं या वेळी?"

"या की," म्हणाली, "पण पुढे बसा. खांबामागे नको."

म्हणजे तेव्हाही दिसलो होतो तर. :)