बोक्याला जू ओढायचं नाही

सांगलीच्या खणभागात भावाच्या घरामागं एक भाटी गाडीखाली सापडली. तिच्या तीन पिलांतलं एकच जगलं. वहिनीनं ते रात्रभर पदराखाली धरून ठेवलं होतं. वजनकाट्यावर जेमतेम 190 ग्रॅम भरलं. डोळे नुकते किलकिले झालेले, रंग राखाडी. कळवळून तिनं गाईचं दूध पाजलं होतं आणि त्याला हगवण लागली होती. मांजराच्या पिलाला ते दूध सोसत नाही, हे मला पूर्वी एका पिलानं मरून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसले. दहा-बारा दिवसांच्या पिलाला दर तीन तासांनी दूध लागतं. कराडच्या स्टँडवर चहावाल्याकडून गरम पाणी मागून घेतलं आणि मांजरांच्या पिलांची दूध-पावडर त्यात कालवली. आधी बाटलीच्या उबेत त्याचं अंग गरम होऊ दिलं, कारण गार पडलेल्या पोटात दूध पचत नाही. मग पालथं धरून पाजलं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात उतरतं. पिताना त्याचे दोन्ही पंजे माझ्या मनगटावर एकाआड एक दाबत होते. आईला पान्हा फुटावा म्हणून पिलं असंच करतात. माझ्या मनगटाला कुठला पान्हा! तरी मी हात हलवला नाही.

तिसरा आठवडा संपेपर्यंत त्याला आपली आपण लघवी करता येत नव्हती. आई चाटते तेव्हाच पिलांना ती होते. आईच्या जिभेच्या जागी मी कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायची. त्याचं नाव भुऱ्या ठेवलं.

पाचव्या महिन्यात भुऱ्या सव्वादोन किलोंचा झाला आणि मी नसबंदीच्या ऑपरेशनचं काढलं. घरात कुणालाच पटेना. "अगं, एवढ्यात कशाला? जरा भरू दे की अंगानं." हे वाक्य मी लहानपणी आजोळी ऐकलेलं. आटपाडीकडचे आमचे आजोबा खिलारांचे दर्दी, खरसुंडीच्या यात्रेतला बाजार त्यांनी कधी चुकवला नाही. खोंडाला चिमटा लावायची घाई ते करत नसत. "दोन दाती होऊ दे, मान आणि वशिंड भरू दे, मग बघू." लवकर खच्ची केलेल्या खोंडाची मान बारीक राहते, हे त्यांना ठाऊक होतं.

आजोबांचं गणित नांगराच्या बैलाचं होतं, आणि ते बरोबर होतं. पण बोक्याला जू ओढायचं नाही. त्याची गालफडं भरायची वाट कशासाठी बघायची?

ती वाट मी एकदा बघितली आहे. आमच्या आधीच्या बोक्याला दीड वर्षाचा होऊ दिलं. सातव्या महिन्यापासून तो दारांवर फवारे मारू लागला, मारामारीत मानेवर गळू झालं, ते फुटलं, भरलं. माघात एका रात्री तो भिंतीवरून गेला, तो परत आलाच नाही. त्याची वाट बघत मी महिनाभर ताटली भरून ठेवत होते.

"एकदा तरी बाप होऊ दे," असंही घरात कुणी म्हणालं. बोक्याला बाप होणं कळत नाही. दोन महिने पोटात वाढवायचं, मग पिलं तोंडात धरून सात घरं हिंडायचं, हे सगळं भाटीच्या वाट्याला येतं. भुऱ्याची आई तशीच हिंडत असणार.

त्याला विचारता आलं असतं तर विचारलं असतं. ते शक्य नव्हतं, म्हणून मी ठरवलं, आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. सकाळी नेलं, संध्याकाळी तो घरी होता. टाके नव्हते. थोडा झोकांड्या खात चालला, वाडगं चाटून पुसून ठेवलं आणि माझ्या मनगटावर पंजे दाबत झोपला. ऑपरेशननंतरही काही आठवडे पिलं होऊ शकतात, म्हणून महिनाभर त्याला बाहेर सोडलं नाही.

भावाच्या गल्लीत एक फाटक्या कानाचा, रुंद गालांचा राखाडी बोका आहे. वहिनी त्याला रोज भाकरीचा काला घालते. पुढच्या महिन्यात सांगलीला जाताना मी पिंजरा घेऊन जाणार आहे.