ब्रेकवरचा पाय

पीसीवर रेसिंग खेळायला स्टीअरिंग आणि पेडलांचा सेट घ्यायचा, हे 11 फेब्रुवारी 2023 पासून माझ्या डोक्यात होतं. त्या दिवशी हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ई ची शर्यत झाली. एकूण 18 वळणं, आणि रस्ते आपल्याच ओळखीचे. ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. बाबा टीव्हीसमोर बसून त्याच्या चुका काढत होते. त्या रस्त्यांवर त्यांनी तीस वर्षं गाडी चालवलीय, त्यामुळे ऐकून घ्यावं लागलं.

शेवटी गेल्या वर्षी एक वापरलेला सेट स्वस्तात मिळाला. 900 अंश फिरणारं स्टीअरिंग, खाली क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. स्टीअरिंग टेबलाला क्लॅम्पनं आवळलं, दहा मिनिटांत झालं. पेडलांनी मात्र तीन दिवस खाल्ले.

आमचं घर बेगम बाजारात, जुन्या इमारतीत, खाली शहाबादी फरशी. पेडलांच्या तळाला गालिच्यात रुतणारे दात होते. फरशीवर त्यांचा काय उपयोग? जोरात ब्रेक दाबला की पेडलं पुढे सरकायची आणि माझी चाकांची खुर्ची मागे. दोन वळणांत मी टेबलापासून हातभर लांब!

बेगम बाजारात राहण्याचा फायदा म्हणजे जिना उतरलं की सगळं मिळतं. निजाम अली खान यांच्या हुमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. तेव्हापासून इथे भांडी, सुका मेवा, किराणा, दोऱ्या, काय म्हणाल ते घाऊक भावात. मी रबराची चटई आणि नायलॉनचा पट्टा मागितला. दुकानदारानं विचारलं, "कायके वास्ते?" मी म्हटलं, "ब्रेक के वास्ते." "गाडी किधर है?" "घर में, टेबल पे." त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि पट्टा कापून दिला.

कुणी हा उद्योग करणार असेल तर आमची युक्ती सांगतो. पेडलांखाली रबर घाला. पेडलं आणि समोरची भिंत यांच्यामध्ये बरोबर मापाची फळी बसवा. खुर्चीचा मधला दांडा आणि पेडलांची बैठक पट्ट्यानं एकमेकांना बांधा. पाय जितका जोर लावेल तितकाच पट्टा ओढून धरतो, मग कुणीच कुठे जात नाही. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत ठेवली तर आणखी उत्तम.

त्यानंतर कॉम्प्युटरचं काम. सेट जोडल्यावर प्रत्येक पेडल एकदा तळापर्यंत दाबायचं, म्हणजे सुरुवात आणि शेवट कुठे आहे ते त्याला कळतं. सेटिंगमध्ये ब्रेक आणि ॲक्सिलरेटर "एकत्र" असतील तर वेगळे करायचे. एकत्र असताना दोन्ही दाबले की एकमेकांना रद्द करतात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही.

बाबा हे सगळं मागे उभं राहून बघत होते. ते बाजारातल्याच एका किराणा पेढीवर मुनीम होते. मी सांगितलं की आपल्या सेटचा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, महागड्या सेटमध्ये जोर किती लावला ते मोजतात. ते लगेच म्हणाले, "म्हणजे दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यासारखं. त्याचं ताट कुठे खाली जाताना दिसतं? पण वजन बरोबर येतं." अगदी तसंच, दोन्हींत लोड सेलच असतो. मग म्हणाले, "सरक, मला बसू दे."

पहिल्याच वळणावर त्यांची गाडी भिंतीत गेली. दुसऱ्यांदाही. "तुझा ब्रेक बरोबर नाही," ते म्हणाले. मला पटलं. मी पुन्हा सगळी पेडलं दाबून मापं घेतली आणि स्क्रीनवर पेडलांच्या पट्ट्या लावल्या. हिरवी ॲक्सिलरेटरची, लाल ब्रेकची. वळण आलं. लाल पट्टी वर गेली, पण हिरवी खाली आलीच नाही.

"बाबा, तुमचा पाय दोन्हींवर आहे."

"नाही रे, ब्रेकवर आहे."

मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. पाय दोन्हींवर होता. ते काहीच बोलले नाहीत.

गेमची पेडलं जवळजवळ असतात, अशी आम्ही दोघांनी रात्रभर समजूत घातली. पण बाबांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. आणि अफझलगंजच्या गर्दीत ते उशिरा ब्रेक मारतात, हे शेजारी बसून मी वर्षभर बघत होतो. वय झालं, गर्दी वाढली, असं म्हणून सोडून देत होतो.

सकाळी आईनं ऐकलं आणि दोघांनाही डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. तो बरोबर 10 ग्रॅम जोराला वाकतो. कळलं की "हो" म्हणायचं. मी समोर उभा होतो. तंतू वाकताना मला दिसत होता आणि बाबा गप्प होते. ज्यांनी आयुष्यभर वेलची नि केशर तोलून दिलं, त्यांना 10 ग्रॅम कळत नव्हते. मधुमेह बरीच वर्षं असला की पायाच्या नसा अशा हळूहळू बधिर होऊ शकतात, आणि दुखत नाही म्हणून लक्षातही येत नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या गाडी चालवायची नाही.

आठ दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. जणू मी तो सेट त्यांना पकडायलाच आणला होता. नवव्या दिवशी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आईला रविवारी भाजीला तूच ने. आणि मोजाम जाही मार्केटपाशी घाई करू नकोस."

आता संध्याकाळी आम्ही दोघं मिळून खेळतो. स्टीअरिंग त्यांच्या हातात. पेडलांची वायर लांब आहे, म्हणून पट्टा माझ्या खुर्चीला बांधून मी शेजारी बसतो. वळण आलं की ते ओरडतात, "ब्रेक! अरे ब्रेक!" आणि मी दाबतो, बहुतेक वेळा उशिरा. शिव्या खातो. आमची वेळ फार वाईट येते.

गेम ही काही तपासणी नव्हे. पण घरात कुणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा त्यांचे पाय तपासून घ्या. पाच मिनिटं लागतात. मी ते गाडीत शेजारी बसल्याबसल्या सुचवू शकलो असतो.