तुमची प्रत कुठली?

आमचं भांडण झालं ते एका बापावरून. म्हणजे कादंबरीतल्या बापावरून.

पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘टेलिफोन’ आम्ही आठ-नऊ जणांनी महिनाभर वाचली होती. २०२१ चा वसंत होता, करोना अजून पुरता ओसरला नव्हता. म्हणून साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात, एका घराच्या ओसरीवर लांब लांब खुर्च्या टाकून आम्ही बोलायला बसलो होतो. कादंबरीतला झॅक वेल्स हा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक. त्याची बारा वर्षांची मुलगी त्याच्याशी बुद्धिबळ खेळताना एकदा पटावरचं सरळ दिसणारं काहीतरी पाहायला चुकते आणि तिथून हळूहळू कळत जातं, की तिला बॅटनचा आजार आहे. आधी नजर जाणार, मग समज जाणार, मग ती जाणार. उपाय नाही. त्याच सुमारास बापाने मागवलेल्या जुन्या कपड्यांत स्पॅनिशमधली चिठ्ठी निघते : मला वाचवा. पोटच्या पोरीला वाचवता येत नाही, म्हणून हा माणूस न पाहिलेल्या बायांना वाचवायला निघतो.

इथवर सगळ्यांचं जमलं. शेवटाबद्दल मी बोलायला लागले आणि समोर बसलेल्या बाई म्हणाल्या, “असं काही होत नाही त्यात.”

“होतं की.”

“मी दोनदा वाचलंय.”

मी पान काढून पुढे धरलं. त्यांनी चष्मा वर-खाली करत आपलं पान काढलं. दोघींची पुस्तकं नवी होती, नाव एकच होतं, लेखक एकच होता आणि शेवट निराळे होते. इतका वेळ सरबताच्या ग्लासात बघत बसलेला आमच्या गटातला ग्रंथपाल मुलगा तेव्हा कुठे हसला. त्याला ठाऊक होतं. एव्हरेट आणि त्यांचे प्रकाशक ग्रेवुल्फ प्रेस यांनी २०२० साली ही कादंबरी तीन वेगवेगळ्या रूपांत छापली होती, आणि विकत घेणाऱ्याला तसं सांगितलं नव्हतं. मुखपृष्ठांतही फरक होता, पण शेजारी-शेजारी ठेवून नीट न्याहाळल्याशिवाय ध्यानात येऊ नये इतका बारीक.

मला राग आला. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत खोट निघाल्यासारखा. बाईंना मात्र इतकं हसू लोटलं, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग आपलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून, माझं उचलत त्या म्हणाल्या, “ही घेऊन जा. आणि यापुढे माझ्याशी भांडायच्या आधी एक विचारायचं : तुमची प्रत कुठली?”

त्यांची ती प्रत अजून माझ्याकडेच आहे. माझ्यावर त्यांचं जे देणं साठलं आहे, त्याचा हिशेब मी तिथूनच मांडते.

कोलंबियाला आम्ही २०१६ मध्ये आलो, नवऱ्याच्या नोकरीपायी. इथल्या उन्हाची लोक फार तक्रार करतात. यवतमाळच्या मे महिन्यात वाढलेल्या माझं त्या उन्हाने काही बिघडलं नाही. बिघडवलं ते दुपारींनी. मूल शाळेत, नवरा कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका दुपारी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात शिरले आणि तिथे चाललेल्या वाचकगटात मागच्या खुर्चीवर टेकले. पहिले तीन महिने मी तोंड उघडलं नाही. चौथ्या महिन्यात एक उंच, काळ्या, पांढऱ्या केसांच्या आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या चेहऱ्यावर मत आहे. ते बाहेर काढ.” चाळीस वर्षं सरकारी शाळेत भाषा शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, त्यांना तो आवडला, आणि तेव्हापासून त्या माझ्या बाई झाल्या.

एव्हरेट हा त्यांच्या गावचा लेखक. जन्म १९५६ चा, जॉर्जियातल्या लष्करी तळावरचा, पण वाढला तो कोलंबियात. पुढे तो लॉस एंजेलिसला विद्यापीठात शिकवू लागला. १९८९ साली साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोर बोलायला त्याला बोलावलं होतं. इमारतीवर गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा जुना ध्वज फडकत होता, म्हणून त्याने पुढे बोलायला नकार दिला. नंतर त्याने एक गोष्ट लिहिली. कोलंबियातलाच एक काळा तरुण, गिटार वाजवणारा. गोरी पोरं त्याला डिवचायला ‘डिक्सी’ हे दक्षिणेच्या अभिमानाचं गाणं म्हणायला सांगतात. तो ते म्हणतो, आणि असं जीव ओतून म्हणतो की ते त्याचंच होऊन जातं. मग तो ध्वजाचं चित्र असलेली जुनी गाडी विकत घेतो आणि हा आमच्या काळ्यांचा झेंडा आहे, असं सांगत गावभर फिरतो. हळूहळू बाकीचे काळे लोकही तो मिरवू लागतात. झेंडा असा हातचा गेल्यावर एक दिवस गाजावाजा न होता तो विधिमंडळावरून नाहीसा होतो.

बाईंनी ही गोष्ट मला पुस्तकातून न देता विधिमंडळाच्या हिरवळीवर उभं करून सांगितली. यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या तोफांचे गोळे १८६५ मध्ये जिथे लागले, त्या भिंतीवरचे कांस्याचे तारे आधी दाखवले. मग एका रिकाम्या जागेकडे बोट केलं. २००० साली घुमटावरून उतरवलेला तो ध्वज तिथे खाली आणून लावला होता. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या, त्यानंतर १० जुलै २०१५ ला तो उतरला. “आमच्या लेखकाने तो हसवून उतरवला होता,” बाई म्हणाल्या. “खरा उतरायला नऊ माणसं लागली.”

मी त्या वेळी काही बोलले नाही. पण विनोदी पुस्तकाकडे मी बघत होते ती नजर त्या हिरवळीवर बदलली.

‘द ट्रीज’ वाचायला घेतली ती २०२२ मध्ये. मिसिसिपीतलं मनी हे गाव. १९५५ च्या ऑगस्टमध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला याच परिसरात हाल करून मारलं होतं आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्यांना सोडून दिलं होतं. एव्हरेटच्या कादंबरीत त्या मारेकऱ्यांच्या नातलगांचे खून होऊ लागतात आणि प्रत्येक प्रेताजवळ एक काळं प्रेत सापडतं, जे पुन्हा पुन्हा गायब होतं. विषय असा, आणि पुस्तक मात्र खुसखुशीत. एका पात्राचं नावच ज्युनिअर ज्युनिअर. चौकशीला आलेले दोन काळे गुप्तहेर एकमेकांची अशी फिरकी घेतात, की मी बसमध्ये एकटी हसत होते. मग प्रेताचं वर्णन आलं आणि त्या हसण्याची लाज वाटली.

गटात मी हे कबूल केलं. एक गोरे गृहस्थ म्हणाले, त्यांना हसूच आलं नाही, त्यांना सारखं आपल्यालाच कुणी हसतंय असं वाटत होतं. बाई म्हणाल्या, “मला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हसू आलं. आमच्याकडे मयत झालं की सगळ्यात जास्त हशा स्वयंपाकघरातून येतो.” मग त्यांनी सांगितलं, की टिलचा छिन्नविच्छिन्न चेहरा ‘जेट’ साप्ताहिकात छापून आला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. टिलच्या आईने शवपेटीचं झाकण उघडं ठेवायला लावलं होतं, सगळ्यांनी पाहावं म्हणून. बाईंच्या वडिलांनी तो अंक कपाटावर लपवला आणि बाईंनी स्टूल घेऊन काढला.

या कादंबरीत एक प्रकरण नुसत्या नावांचं आहे. झुंडींनी मारलेल्या माणसांची नावं, पानंच्या पानं. मी ते प्रकरण चाळून पुढे गेले होते; नावंच तर आहेत. त्या दिवशी बाईंनी ते मोठ्याने वाचायला लावलं, एकेकाने एकेक पान. माझ्या पानावरची आडनावं माझ्या जिभेवर नीट बसत नव्हती. मी अडखळले की बाई नुसत्या थांबायच्या, पुढचं नाव सुचवायच्या नाहीत. वाचून झाल्यावर त्या दिवशी कुणी पुस्तकावर मत दिलं नाही.

सगळंच असं जड नव्हतं. ‘डॉक्टर नो’मध्ये ‘काहीच नाही’ या विषयाचा तज्ज्ञ गणिती आहे, त्याचं नाव वाला किटू. त्यातल्या ‘वाला’चा अर्थ टागालोग भाषेत ‘काहीच नाही’ असा होतो, यावर गट कौतुकाने माना डोलवत होता. माझ्या कानात मात्र भाजीवाला, रद्दीवाला आणि गॅसवाला रांगेने ओरडत गेले. मी ते समजावून सांगितल्यावर बाई पुढच्या वेळी स्वतःची ओळख ‘पुस्तकवाला’ अशी करून द्यायला लागल्या. ‘पुस्तकवाली’ म्हणा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, व्याकरण मी चाळीस वर्षं शिकवलं, आता नको.

आणि मग ‘जेम्स’ आली, २०२४ मध्ये. मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधला पळून निघालेला गुलाम जिम इथे स्वतः बोलतो. एव्हरेटची खुबी अशी, की त्याचे गुलाम आपसांत स्वच्छ, प्रमाण इंग्रजी बोलतात आणि गोरा दिसला की जीभ मोडून वेडंवाकडं बोलू लागतात. जिम लहान मुलांना जवळ बसवून चुकीचं बोलण्याचा वर्ग घेतो. गोऱ्याला आपल्यापेक्षा शहाणपण मिरवायला जागा राहिली पाहिजे, हा त्या वर्गातला धडा. या पुस्तकाला त्याच वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ मध्ये पुलित्झर मिळालं, पण आमच्या गटाला ते पुस्तक आधीच मिळालं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. म्हटलं, हे मला ओळखीचं आहे. मी घरात ‘काहून’, ‘कायले’, ‘मले’ म्हणत वाढले. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या आठवड्यात ‘मले नाही पायजे’ म्हणाले, तर सगळी खोली हसली. महिन्याभरात माझ्या तोंडी ‘मला नकोय’ बसलं. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. जिम चुकीचं शिकवतो, मी बरोबर शिकले, पण भीती तीच.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “भीती तीच नाही,” त्या म्हणाल्या. “तुझी जीभ घसरली की खोली हसत होती. त्याची घसरली असती तर त्याला झाडाला टांगलं असतं. तुझं दुःख खोटं नाही. पण तुमची प्रत कुठली, ते बघून बोल.”

मला लागलं ते. घरी येऊन नवऱ्यापाशी कुरकुरले सुद्धा. पण त्यात तडजोड नव्हती म्हणूनच ते टिकलं. दुसऱ्याच्या दुःखात आपलं सापडलं की आपल्याला केवढा उमाळा येतो, आणि त्या उमाळ्यात दुसऱ्याचं पान आपण न वाचताच उलटतो, हे मला त्याआधी कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात, काहीशी परतफेड म्हणून, मी त्यांना आमच्याकडच्या दलित पँथरबद्दल सांगितलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी उभी केलेली चळवळ. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. बाई चकित झाल्या. त्यांच्या पोरांचं नाव समुद्र ओलांडून गेलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांना दिलीप चित्र्यांनी इंग्रजीत आणलेल्या ढसाळांच्या कवितांचं पुस्तक मागवून दिलं. वाटलं, आता थोडं देणं फिटलं.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. सात ठिकाणी पेन्सिलीची खूण, आणि प्रत्येक खुणेपुढे समासात, शाळेच्या वळणदार अक्षरात, एकच प्रश्न : इथे तुझ्या प्रतीत काय आहे?

माझ्याकडे प्रत नव्हती. ढसाळांचं ‘गोलपिठा’ मी वाचलेलंच नव्हतं. मराठी घेऊन पदवीधर झालेली मी. एकदा हातात आलं होतं, दोन पानं उलटली आणि ‘घाण भाषा’ म्हणून मिटून ठेवलं. वसतिगृहात ‘कायले’ गिळून टाकलेल्या जिभेने कामाठीपुऱ्याच्या जिभेला घाण म्हणावं! हे बाईंना सांगायची वेळ आली तेव्हा मी शब्दकोशात नसलेल्या सगळ्या सबबी शोधल्या. मग सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मुलांनी गृहपाठ केला नाही की जसं विचारतात तसं विचारलं, “कधीपर्यंत होईल?”

यवतमाळहून भावाने ‘गोलपिठा’ पाठवलं. पन्नासएक वर्षांपूर्वीचं ते पुस्तक मी कोलंबियातल्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा वाचलं, समोर बाईंच्या खुणा उघड्या ठेवून. सातांपैकी चार ठिकाणची उत्तरं जमली. उरलेल्या तिन्ही ठिकाणी असे शब्द, की माझी मराठी तिथे दाराबाहेर उभी. प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनाही यातले कितीतरी शब्द अडले होते, एवढाच दिलासा. भावाला फोन केला. तो म्हणाला, “मलेही नाही येत. पण तुले तिथं बसून कायले पायजे हे?” किती वर्षांनी मी जिन्यात न जाता, भर घरात, त्याला त्याच बोलीत उत्तर दिलं.

बाई आता अटलांटाला लेकीकडे असतात. ऐंशी ओलांडली आहे, डोळे दमतात, म्हणून पुस्तकं ऐकतात. ‘टेलिफोन’ची तिसरी प्रत आम्ही दोघींनी अजून वाचलेली नाही, ती शोधायची नाही, समोर आली तर घ्यायची, असं ठरलं आहे. रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, हवा, नातवंडं होतात, आणि ठेवायच्या आधी त्यांचा आवाज वर्गातला होतो.

“झालं का?”

“तीन राहिलेत, बाई.”