फुगा, पीस आणि एक प्रश्न

आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या दिवशी विज्ञानाचा बदली तास घेतला. ‘फुगा हलका, म्हणून उडतो,’ असे सांगताच एक मुलगी उठली, ‘गुरुजी, पीसही हलकेच, मग ते खाली का पडते?’ आम्ही निरुत्तर झालो.

रात्री पुस्तक उघडले. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो, तेवढाच हायड्रोजन ९० ग्रॅम. वस्तूने बाजूला सारलेली हवा वस्तूहून जड असेल, तरच ती वर ढकलली जाते. पिसाचे तसे नसते. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडते ते प्रचंड फुगे याच नियमाने ३० किलोमीटरवर पोहोचतात.

सकाळी वर्गासमोर आम्ही चूक कबूल केली. पारखून मगच स्वीकारा, ही तथागतांची शिकवण आम्ही रोज सांगत होतो. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या त्या लेकीने ती आचरली होती.