तरीचे पैसे

२४ जून २०२४ च्या रात्री आमच्या घरात कुणी लवकर झोपलं नाही. सेंट लुशिया बेटावरच्या ग्रो आयले गावात विश्वचषकाचा भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता आणि रोहित शर्मा ४१ चेंडूंत ९२ धावा कुटून गेला. त्याचे आईवडील डोंबिवलीत राहायचे, तो वाढला बोरिवलीला आजोबा-काकांकडे. माझं माहेर डोंबिवलीचं, त्यामुळे तो आमचाच असं मला वाटत आलंय. मधेच कॅमेरा मैदानावरून वर गेला. हिरवे डोंगर, निळ्याशार पाण्यात घुसलेली एक टेकडी. मुलगा म्हणाला, "आई, एकदा इथे जायचं."

मी ३१ वर्षं एका कंपनीत हिशेब लिहिले. घरात कुणी कुठे जायचं म्हटलं की वही माझ्यापुढे येते. या वेळी सूनबाईंनीच आणून ठेवली. म्हणाल्या, "आई, खरा आकडा काढा. परवडत नसेल तर तसं सांगा, पण खरा काढा."

आधी मी बेटाची माहिती वाचली. सेंट लुशिया ६१७ चौरस किलोमीटरचं आहे. आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, म्हणून साष्टीचा शोधला. मुंबईसह साष्टी बेट सुमारे ६१९ चौरस किलोमीटर. म्हणजे आम्ही कोलशेतला ज्या बेटाच्या काठावर राहतो, ते जवळजवळ त्याच मापाचं! तिकडे माणसं एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास, इकडे दीड कोटींच्या घरात. बेट म्हटलं की आपल्याला नारळ आणि वाळू आठवते. ठाणे, मुलुंड, अंधेरी आठवत नाही. पण आमच्या खिडकीतून दिसणारी खाडी ही साष्टीची हद्द आहे. ती तिवरांआड दिसते, एवढंच.

मग वही उघडली. सेंट लुशियाला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो आणि १९७६ पासून तो अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एकाला २.७०. हिशेब लिहिणाऱ्याला याचं फार समाधान असतं, कारण हलणारी बाजू एकच राहते, आपल्या रुपयाची. मी डॉलर ९० रुपयांचा धरला. म्हणजे तिकडचा एक डॉलर ३३ रुपयांचा. मुंबईहून थेट विमान नाही. माणशी दीड लाखाच्या खाली तिकीट आम्हाला दिसलं नाही, तेव्हा चौघांचे सहा लाख. अमेरिकेवरून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. व्हिसा आणि विमा मिळून ७० हजार धरले. मोठी विमानं उतरतात ती दक्षिण टोकाला, ह्युअनोराला, आणि ग्रो आयले उत्तर टोकाला. गाडी एका फेरीला ८० अमेरिकी डॉलर धरली, जाऊन-येऊन १४,४००. स्वयंपाकघर असलेलं घर रोज १५० अमेरिकी डॉलर, आठ रात्री, १ लाख ८ हजार. खाणं नऊ दिवसांचं ८१ हजार. बोट, डोंगर, बागा यांना ४५ हजार. शेवटी राखीव ९० हजार. राखीव न ठेवता केलेल्या अंदाजाला मी अंदाज म्हणत नाही. बेरीज दहा लाख आठ हजार चारशे.

बेरजेखाली रेघ मारली आणि तिकीट, व्हिसा-विमा आणि तिकडची गाडी या तीन ओळी वेगळ्या काढल्या. दहा लाखांतले जवळजवळ सात लाख पाणी ओलांडण्यातच जात होते. खाणं-राहणं, डोंगर, समुद्र, ज्यासाठी जायचं ते सगळं उरलेल्या तीन लाखांत. पूर्वी खाडी उतरायला तरीवाल्याला पैसे द्यावे लागत. हे तेच पैसे, मोठे झालेले. बेटाच्या सहलीचा अंदाजखर्च हॉटेलपासून धरला तर चुकतो, तरीपासून धरावा लागतो. मुलाला हे तोंडी पटेना. म्हटलं, मग आधी आपलंच बेट पाहू. तीच वही घेऊन एका रविवारी पहाटे निघालो.

पहिला थांबा घरापासून दहा मिनिटांवर, कोलशेतची खाडी. गाव आगरी-कोळ्यांचं. आता गावाभोवती पस्तीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत. जिथे पूर्वी रंग-रसायनांचा मोठा कारखाना होता तिथेही आता इमारती आहेत. पण काठावर गेलं की चिखलाचा वास तोच येतो. ओहोटी होती. निवट्या चिखलात उड्या मारत होत्या. एक आजोबा जाळं झटकत बसले होते. जिताडा मिळतो का विचारलं, तर म्हणाले, "मिलतो कवातरी. पाणी बिघरलं ना." त्या वाक्यानंतर मला पुढचं विचारवेना. खाडीत काय काय सोडलं गेलंय ते इथे राहणारे सगळे जाणतात, आणि जिताडा हा या किनाऱ्याचा मानाचा मासा होता.

उल्हास नदी कल्याणहून येते आणि साष्टीच्या या ईशान्य कोपऱ्यावर तिचं पाणी फुटतं. एक वाट दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत, दुसरी कोलशेत, गायमुख, घोडबंदरवरून वसईच्या समुद्रात. समोर दिसतो तो भिवंडी तालुका. १७८२ ते १८१७ या काळात हे समोरचं आणि हे अलीकडचं अशी दोन राज्यं होती. ठाण्याचा किल्ला आणि साष्टी इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये घेतली होती. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली आणि वसई पेशव्यांना परत मिळाली. म्हणजे आमचा कोलशेतचा काठ पस्तीस वर्षं सरहद्द होता. मी इथे इतकी वर्षं राहते, आणि हे मला सेंट लुशियाच्या निमित्ताने कळलं.

कारण त्याच वसंतात तिकडेही बेटाचाच सौदा चालला होता. टीव्हीवर दिसलेली ती टेकडी म्हणजे पिजन आयलंड. तिथल्या किल्ल्यावरून इंग्रजांचा अ‍ॅडमिरल रॉडनी मार्टिनिकच्या फ्रेंच आरमारावर नजर ठेवून असे. एप्रिल १७८२ मध्ये तो ग्रो आयलेच्याच उपसागरातून निघाला आणि १२ तारखेला सेंट्सच्या लढाईत त्याने फ्रेंचांना हरवलं. सालबाईच्या तहाला तेव्हा पाच आठवडे होते. सेंट लुशिया इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा हात बदलत राहिलं. मुलाला मी हे गाडीत सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे पिजन आयलंडला अर्धा दिवस जास्त ठेव." वहीत ठेवला.

घोडबंदर रस्त्याला लागलो. मानपाडा, कासारवडवली, ओवळा. मेट्रोचे खांब, धूळ, रविवार असूनही वाहनांची रांग. या रस्त्यावर रोज नोकरीला जाणाऱ्यांच्या आयुष्यातले किती तास जातात, याचा हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. गायमुखनंतर एका बाजूला जंगल लागतं आणि जीव थोडा निवतो. घाट उतरून घोडबंदर गावात किल्ल्यावर चढलो. अरबी घोडे या बंदरात उतरत, त्यावरून हे नाव. किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि ही बेटं त्यांना देऊन टाकली होती, त्यानंतर दोनशे वर्षं त्यांचा अंमल होता. वरून खाडीचं वळण असं दिसतं की आलेली प्रत्येक होडी मोजता यावी. जकात घेणाऱ्याने जागा अचूक निवडली होती. पाणी ज्याच्या ताब्यात, दर त्याचा.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ही बेटं घ्यायला सुरुवात केली ती ठाण्यापासून. तिथला किल्ला पोर्तुगीजांना अजून पुरा बांधता आला नव्हता. खाडी उतरून आलेल्या फौजेने तो घेतला. आज त्याच कोटात ठाण्याचं कारागृह आहे. घोडबंदरही त्याच वर्षी पडलं. वसईला मात्र १७३९ चा मे उजाडला.

भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवर पोचलो. इथून वसईला रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ पासून सुटते. रस्त्याने गेलं तर ३८ किलोमीटर, पाण्यावरून साडेतीन. ती सुरू झाली तेव्हाच्या दरपत्रकात चारचाकीचे चालकासह १८० रुपये आणि मोठ्या माणसाचे ३०. त्या दराने आम्ही वहीत आधीच २७० लिहून ठेवले होते. इथे सूनबाईंनी बरोबर प्रश्न काढला. "आई, बोट वेळेवर नसली तर?" भरती-ओहोटीवर चालणारी वाट आहे, थांबावं लागतंच. आम्हालाही थांबावं लागलं. चहा, वडापाव, नातवाचं आइस्क्रीम मिळून २२० रुपये, जे वहीत नव्हते. कॅरिबियनमध्ये बोट चुकली किंवा विमान रद्द झालं तर याच २२० चे वीस हजार होतात, हे त्यांनी आपणहून लिहिलं. राखीवच्या ओळीवर नंतर कुणी वाद घातला नाही.

बोटीवर नातू कठड्याला चिकटून उभा. उजवीकडे रेल्वेचा पूल, त्याच्या आड पाणजू बेट. डावीकडे उघडा समुद्र. पंधरा मिनिटांत वसई. साष्टी मागे राहिली. "आपण आत्ता बेटावरून उतरलो का?" नातवाने विचारलं. हो म्हटलं. कोलशेतला जन्मलेलं हे पोर, पण आपण बेटावर राहतो हे त्याला त्या क्षणी कळलं. माझे डोळे भरून आले.

वसईचा किल्ला आत शिरल्यावर शांत होतो. छप्पर नसलेली चर्चं, भिंतींतून फुटलेले वड-पिंपळ, ताडांची सावली. चिमाजी अप्पांच्या फौजेने इथे महिनोन् महिने वेढा दिला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग पेरले. काही आपल्याच माणसांवर फुटले. हजारो मेले. शेवटी पोर्तुगीज शरण आले तेव्हा त्यांना चीजवस्तूसह जहाजांतून निघून जाऊ दिलं. मला या मोहिमेत सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. इतकं सोसल्यावर सुखरूप वाट देणं सोपं नसतं. इथल्या घंटा मग देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकराची त्यांतलीच. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर डबे उघडले. घरच्या पोळ्या, बटाट्याची भाजी. जेवणाच्या ओळीत शून्य पडलं. स्वयंपाकघर असलेलं घर का घ्यायचं, ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तिथेच बसून महिना ठरवला. कॅरिबियनचा महाग हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. वादळांचा १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत. या दोहोंमधली फट म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी. दर उतरलेले असतात आणि वादळं सुरू झालेली नसतात. शाळा बुडत नाही. पॅकेज घ्यायचं नाही असंही ठरलं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाचा आगाऊ कर घेतात. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात आणि आम्ही महिना-महिना साठवणारी माणसं. ग्रो आयलेला शुक्रवारी रात्री रस्त्यावरच मासे भाजतात, लोक नाचतात. म्हणून मुक्कामात दोन शुक्रवार यावेत असं मुलाने सुचवलं. ते मान्य झालं.

येताना घोडबंदरजवळच्या वर्सोव्याच्या पुलावरून परत साष्टीवर आलो. कोलशेतला पोचेपर्यंत दिवे लागले होते. भरती चढली होती आणि सकाळचा चिखल पाण्याखाली गेला होता. वसई-ठाणे-कल्याण जलमार्गाच्या पहिल्या टप्प्यात जेट्ट्या ठरल्या त्या कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदरला. ती बोट नियमित चालू झाली तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढणार आहे, माहेरचं.

रात्री सूनबाईंनी नवीन पान घेतलं, वर "मे" लिहिलं. पहिली ओळ विमानाची लिहायला गेल्या आणि थांबल्या. मग लिहिलं: कोलशेत ते सहार विमानतळ, टॅक्सी, चौघं, सामानासह.